जेवण खाली न उतरणे आणि त्यावरची औषधे

चार घास खाल्ले तरी पोट तुडुंब भरल्यासारखे वाटणे, जेवण तासन्‌तास छातीपाशीच अडल्याची जाणीव होणे, अशा तक्रारींवर प्रोकायनेटिक, म्हणजे जठर-आतड्यांच्या हालचालीला चालना देणाऱ्या, गटातील औषधे दिली जातात. ही औषधे अन्नाला बळेच पुढे ढकलत नाहीत, हे आधी सांगायला हवे. आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे असते. घास येऊन पोहोचला की ते त्याच्या मागचा भाग आवळते आणि पुढचा सैल सोडते. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी ही हालचाल चालू राहते, हे बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्येच दाखवले होते. औषधे काम करतात ती या जाळ्यातल्या निरोपांवर.

ॲसिटिलकोलीन हे रसायन स्नायूंना आकुंचनाचा निरोप देते, तर डोपामिन हे दुसरे रसायन त्याचे स्रवणे रोखून धरते. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड डोपामिनचा हा अटकाव दूर करतात, त्यामुळे जठर लवकर रिकामे होते आणि मळमळही थांबते. प्रुकॅलोप्राइड हे औषध सेरोटोनिन या आणखी एका निरोप्या रसायनाच्या वाटेने जाते आणि मुख्यतः जुनाट बद्धकोष्ठतेवर वापरले जाते; शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यातच असते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते एरिथ्रोमायसिन. हे मुळात जंतुनाशक. परंतु उपाशीपोटी साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी आतडे झाडून काढणारी जी लाट उठते, तिला चालना देणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकाची ते नक्कल करते. अतिदक्षता विभागात नळीने दिलेले अन्न जठरात साचून राहू लागले, तर एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत देतात. मात्र त्याचा हा गुण लवकरच ओसरू लागतो.

अडचण अशी की हेच निरोप शरीरात अन्यत्रही चालतात. मेटोक्लोप्रामाइड मेंदूत शिरते, म्हणून विशेषतः तरुण रुग्णांमध्ये मान किंवा जबडा अचानक वाकडा होऊ शकतो, आणि दीर्घ वापरानंतर चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला. याच गटातील सिसाप्राइड हृदयाच्या विद्युतप्रवाहात बिघाड करत असल्याने २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतात बंद झाले. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, परंतु हृदयाची लय तेही बिघडवू शकते. म्हणून युरोपात २०१४ पासून त्याचा वापर मळमळ आणि उलटीपुरता, दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि सहसा आठवडाभर, एवढाच ठेवला आहे.

आता आपल्याकडच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी उलटून पाहावी. नावापुढे ‘डीएसआर’ असेल, तर पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत सावकाश सुटणारे ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन बहुधा त्यातच असते. केवळ जळजळीसाठी ही कॅप्सूल महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेत राहणे मला अजिबात मान्य नाही. घसादुखीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल सुरू करायचे असेल, तेव्हा तर डॉक्टरांना या कॅप्सूलविषयी आवर्जून सांगावे, कारण ती दोन्ही औषधे यकृतात डॉम्पेरिडोनचे विघटन रोखून त्याची रक्तातली पातळी वाढवतात आणि हृदयाच्या लयीवर स्वतःचाही भार टाकतात.