शेवटची दहा मिनिटं

रविवार, रात्री साडेअकरा

'वह कौन थी' आज परत पाहिला. शेवटाला परत तसाच हिरमोड झाला. दोन-अडीच तास जीव मुठीत धरून बसायचं आणि उत्तर काय, तर जुळी बहीण! साठ वर्षांनी हे सांगायला हरकत नसावी. राज खोसलांचा हा चित्रपट १९६४ चा. दोन वर्षांनी त्यांनीच 'मेरा साया' काढला, तो आपल्या राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'वरून. साधना तीच, संगीत मदनमोहनचंच, आणि कोड्याचं उत्तरही तेच.

पण सुरुवात! धो धो पाऊस, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली बाई. डॉक्टर तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतो, त्याला समोरचं काही दिसत नाही आणि ती मात्र शांतपणे रस्ता सांगत राहते. उतरते ती कब्रस्तानापाशी. सासूबाईंना शेवट तोंडपाठ आहे, तरी इथे आल्या की पुढे सरकून विचारतातच, "कोन शे ती?"

हॉलिवूडच्या रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचंही मला असंच होतं. 'सायको'त (१९६०) मुडदा ठेवलेली गाडी दलदलीत बुडता बुडता मध्येच थांबते. ती ढकलणारा नॉर्मन इकडेतिकडे बघतो. त्या क्षणी आपल्याला वाटतं, बुडू दे बाई एकदाची! गुन्हा लपावा म्हणून आपणच श्वास रोखलेला असतो. एवढं करून घेणारा दिग्दर्शक शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञाला उभा करतो आणि तो सगळं फोड करून सांगत बसतो. मला त्याचा राग येतो. त्याचाच 'व्हर्टिगो' म्हणूनच जास्त आवडतो, त्यात गुपित बरंच आधी आपल्या हाती दिलंय. नायकाला, जेम्स स्टुअर्टला, ते ठाऊक नाही, आपल्याला आहे. मग पुढचं बघवत नाही आणि उठवतही नाही.

टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, असं हिचकॉक म्हणायचा. अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी कळलं तर पंधरा मिनिटांची घालमेल. हे मला कुणी शिकवायला नको. लाईट रात्रीची असली की हे केळीला पाणी द्यायला मळ्यात जातात. बांधावर बिबट्याचे ठसे दिसलेत हे ठाऊक असतं, आणि फोन लागत नाही.

गाण्यांचं मात्र ठरत नाही. गाणं आलं की ताण सुटतो, हे खरं. 'इत्तेफाक'मध्ये (१९६९) यश चोप्रांनी एकही गाणं घातलं नाही आणि तो कुठे सैल पडत नाही. पण 'वह कौन थी'तलं 'नैना बरसे' काढून टाका म्हटलं तर? धुक्यातून लताबाईंचा आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो कुठल्याच खुनाने येत नाही. तेवढ्यासाठी ती जुळी बहीणसुद्धा मी सोसते.