ओढणाऱ्याच्या पावलामागे

हडपसरला गाडीतळाच्या अलीकडे मागून कुणीतरी माझ्या चपलेवर पाय दिला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अंगठा तुटलाच. वळून पाहते तोवर एक निळा रेनकोट आणि उंच धरलेला मोबाईल बाजूने पुढे सटकला. चित्रीकरण चाललं होतं. थांबणं नाही, 'माउली, चुकलं' म्हणणं नाही.

योगिनी एकादशी होती. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून पहाटे मी आणि माझ्या जाऊबाई निघालो होतो. पुणे ते सासवड हा साधारण ३० किलोमीटरचा लांब टप्पा, त्यात उपवास आणि दिवे घाट. गाडीतळाला माउलींची पालखी सासवड रस्त्याला वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. तो निरोपाचा क्षण पाहायचा मी वर्षभर घोकत होते. तो कसा गेला, मला कळलंच नाही. मी त्या रेनकोटवाल्याशी भांडत होते, मनातल्या मनात. यांना वारी म्हणजे नुसतं मोबाईलवर दाखवायला हवी, घरी आईवडलांशीही हे असेच वागत असणार, एक ना दोन.

"अगं, लाडू खा की. अर्धा तास झाला हातात धरून चाललीयस," जाऊबाई म्हणाल्या. मुठीतल्या राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा झाला होता.

निवृत्तीनंतर मी विद्यापीठात पालीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं मधुपिण्डिक सुत्त तिथे वाचलं. बुद्धांनी थोडक्यात सांगितलेलं त्यांचे शिष्य महाकच्चान त्यात उलगडून सांगतात: डोळा, रूप आणि विज्ञान (म्हणजे जाणीव) एकत्र आले की स्पर्श, स्पर्शातून वेदना (म्हणजे बरं-वाईट वाटणं), जे वाटलं त्याला मन नाव देतं, ती संज्ञा, नाव दिलं की त्याचाच विचार करतं, आणि विचारातून पपंच वाढतो. मराठीत प्रपंच म्हणजे घरसंसार. पालीतला पपंच म्हणजे मनाने एका ठिणगीवर रचलेला पसारा. मला दोन्ही अर्थ जवळचेच वाटतात, दोन्हींत माणूस तितकाच गुंतून पडतो.

पुढे रस्त्याकडेला एक जण वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसला होता. गुडघ्याएवढी रास, मेणाचा दोरा, आरी. माझा अंगठा त्याने बोटाने चाचपला, जुनी शिवण कापून काढली, आरी आरपार घातली आणि पाच टाके घातले. प्रत्येक टाक्याला दोरा दातांत धरून ओढत होता.

"शिवण आधीच कुजली होती, माउली. आज नाहीतर उद्या गेलाच असता अंगठा."

मी रागाने सगळं सांगायला लागले. "कसा होता दिसायला?" त्याने सहज विचारलं, आणि मी अडखळले. मी चेहरा पाहिलाच नव्हता. तरी तासभर माझ्यासमोर एक चेहरा होता. कुणाचा? नोकरीच्या शेवटच्या वर्षी सगळ्यांदेखत मला टाकून बोललेल्या साहेबांचा! तेच ओठ, तीच मान. निळ्या रेनकोटवर मी तो आयता चढवला होता. संज्ञेबद्दल वर्गात इतकं लिहून घेतलं, पण ती आपल्या जुन्या साठ्यातूनच नाव काढून डकवते, हे त्या चपलांच्या राशीपाशी मला उमगलं. पोरगा चुकला होता, हे खरंच. पण त्याची चूक होती एका अंगठ्यापुरती.

दिवे घाटात आम्ही कडेला बसलो. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. खूर डांबरावर रुततोय की काय असं वाटावं इतका जोर, आणि लगेच त्यामागे चाक. खूर उचलला की चाक सरकायचं. धम्मपदाची पहिलीच गाथा, 'मनोपुब्बङ्गमा धम्मा'. मन सगळ्याच्या पुढे चालतं. मलिन मनाने बोललं-वागलं की दुःख मागे लागतं, 'चक्कंव वहतो पदं', ओढणाऱ्याच्या पावलामागे चाक लागतं तसं. ही उपमा मला पुस्तकात साधीच वाटायची. घाटात त्या बैलाच्या मानेवरची ताणलेली शीर पाहिली आणि डोळे भरून आले. मागच्या दिंडीत 'मन करा रे प्रसन्न' चाललं होतं.

राग गेला असं नाही. झेंडेवाडीपर्यंत दोनदा उसळला. पण आता तो येताना दिसत होता: आधी छातीत ऊब, मग तो चेहरा, मग शब्द. ऊब माझ्या हातात नव्हती. शब्दांपाशी मात्र थोडी जागा होती. 'चेतनेलाच मी कर्म म्हणतो' असं बुद्ध म्हणतात. त्यांची चेतना म्हणजे आपल्याला वाटतो तो जिवंतपणा नव्हे, तर मनाने घेतलेला कल. तो कल घेण्याआधीची ती जागा बोटभरच असते, पण असते.

सासवडच्या अलीकडे गर्दी पुन्हा दाटली. मागून कुणाची तरी काठी टाचेला लागली. दुखलं. मी पाऊल जरा डावीकडे घेतलं, काठी पुढे गेली.