संध्याकाळी मीडियम वेव्हवर कोण कधी लागतं

आमचं घर कराडजवळ. लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात एक छोटा डिजिटल रेडिओ घेतला आणि एएमवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, लांबची स्टेशनं पकडायचा नाद लागला. भर दुपारी फारसं काही मिळत नाही, सांगली १२५१ किलोहर्ट्झ आणि पुणे ७९२ एकदम खणखणीत, धारवाड ७६५ बारीक, बाकी नुसती खरखर. दिवसा सूर्यामुळे वातावरणातला डी थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे फक्त जमिनीलगत येणारा सिग्नल मिळतो, अंधार पडला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लांबचे सिग्नल खाली येतात, हे वाचलं होतं, पण सूर्य मावळताना ९-९ किलोहर्ट्झने पुढे जात बसलं की खरी मजा कळते.

पूर्वेला आधीच अंधार झालेला असतो म्हणून तिकडची स्टेशनं आधी येतात. ७३८ वर हैदराबादचं तेलुगू हळूहळू वर यायचं, मध्येच बुडायचं, परत वर. त्यानंतर राजकोट ८१० चं गुजराती. पहाटे नेमकं उलटं, उजाडलं की हैदराबाद आधी गायब आणि राजकोट थोडा वेळ टिकून राहतं, त्यामुळे मला तर पहाटच जास्त आवडते (बायकोला नाही).

रेडिओ फिरवणं हे अर्धं काम आहे. आतली फेराइटची दांडी, म्हणजे रेडिओची अँटेना, ज्या दिशेला टोक करते तिकडचं स्टेशन सगळ्यात कमी ऐकू येतं. आमच्याकडून पुणे आणि धारवाड साधारण एकाच रेषेत, एक उत्तरेला एक दक्षिणेला, त्यामुळे दांडी त्या रेषेत ठेवली की दोन्ही एकदम दबतात आणि पूर्वेचं हैदराबाद मोकळं होतं. हे जमलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो गच्चीवर.

गच्चीवर अशासाठी की घरात एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर मिळून सगळा बँड खाऊन टाकतात. लाईट गेली की खाली इन्व्हर्टरही बंद करून टाकायचो, आणि मग जो बँड ऐकू यायचा तो काय सांगू! काही ठिकाणी नुसता सुस्स असा सपाट आवाज येतो, तो बिघाड नाही, आकाशवाणीचे डिजिटल सिग्नल आहेत, साध्या रेडिओवर ते तसेच वाजतात. एप्रिल-मेमध्ये मात्र वळवाच्या विजांची कडकड इतकी असते की कंटाळा येतो.

सगळ्यात छळलं दिल्लीने. ८१९, म्हणजे राजकोटच्या अगदी शेजारी, आणि राजकोट दणदणीत. शेवटी पहाटे दांडीचं टोक राजकोटकडे धरून, रेडिओ हातातच ठेवून, इंचाइंचाने फिरवत गेलो तेव्हा खालून हिंदी बोलणं सुटं झालं, दोन-तीन वाक्यं आली आणि परत राजकोट चढलं.