पुणे ते गोवा सायकलने, डिसेंबर २०२१ : दोन डोस झाले तरी कोगनोळीला अडवले

कोरोनाच्या लशीचे दोन डोस झालेले असले आणि दुसऱ्या डोसाला १४ दिवस उलटलेले असले की कुठेही जाता येते, असे निघण्यापूर्वी आम्हाला याच मार्गावरून पूर्वी गेलेल्या सायकलस्वारांनी छातीठोकपणे सांगितले होते. महाराष्ट्रापुरते ते तेव्हा खरे होते आणि आमच्या अनुभवाप्रमाणे गोव्यापुरतेही खरे ठरले. परंतु पुणे–बंगळूर महामार्गावर कागल मागे टाकून कर्नाटकच्या सीमेवरील कोगनोळी टोलनाक्यापाशी पोहोचल्यावर तुमचे लसीकरण प्रमाणपत्र कोणी पाहतसुद्धा नव्हते. तेथे फक्त आरटीपीसीआर चाचणीचा ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल मागत. महाराष्ट्र आणि केरळमधून येणाऱ्या प्रवाशांसाठी कर्नाटक सरकारने ही अट जुलैच्या अखेरीस, लसीकरण झाले असो वा नसो, सर्वांना लागू केली होती. ओमायक्रॉनच्या बातम्या सुरू झाल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी तिची अंमलबजावणी पुन्हा कडक झाली. आम्हाला सल्ला देणारे बहुधा मधल्या सैल काळात जाऊन आले असावेत. त्यांच्या सल्ल्यावर विसंबून कर्नाटकातील निपाणीमार्गे आंबोलीला जाण्याचा बेत करणे त्या वेळी चुकीचे होते, हे सांगण्यासाठीच मुख्यतः हा वृत्तांत लिहीत आहे.

पुण्यापासून कऱ्हाडपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. खंबाटकीचा बोगदा पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठी होता, त्यामुळे जाताना घाट चढावा लागला. ज्यांना तो जड वाटतो त्यांनी या दौऱ्याच्या वाटेला जाऊ नये. कऱ्हाडचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची कोल्हापूरपर्यंतची वाटचाल सुखाची झाली. दुपार कलल्यावर आम्ही कोगनोळीला पोहोचलो, तेव्हा चारचाकींची रांग लागलेली होती आणि दुचाकीस्वारांनाही बाजूला घेऊन अहवाल विचारले जात होते. सायकलला कोण अडवणार, हा समज तेथे पहिल्याच मिनिटाला गळून पडला. बंदोबस्तावरील कर्मचाऱ्यांनी आमच्याशी सभ्यपणे बोलून नियम दाखवला आणि परत जाण्यास सांगितले. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. व्यवसाय किंवा शिक्षणासाठी रोज सीमा ओलांडणाऱ्यांना दर १५ दिवसांनी चाचणी करण्याची सवलत त्या नियमात होती, पण प्रवाशाला ती लागू होत नव्हती, आणि ‘आम्ही केवळ तासाभरात निपाणीतून पुन्हा महाराष्ट्रातच जाणार आहोत’ या युक्तिवादाला नियमात कोठेही जागा नव्हती.

खरा संताप त्यानंतरचा आहे. नाक्यावरून परतणाऱ्यांची गरज ओळखून महामार्गालगत नमुने घेण्याची सोय काही जणांनी थाटलेली होती. आमच्यातील दोघांनी तेथे चाचणी करून घेण्याचे ठरवले, तेव्हा त्यांच्याकडून ‘तातडीचा अहवाल’ या नावाखाली प्रत्येकी १,२०० रुपये घेण्यात आले, पावती मागितल्यावरच मिळाली आणि तीवर केवळ ‘तपासणी शुल्क’ एवढेच लिहिलेले होते. महाराष्ट्र सरकारने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खासगी प्रयोगशाळांचे दर आणखी खाली आणले होते : तुम्ही स्वतः संकलन केंद्रावर जाऊन नमुना दिला तर ३५० रुपये, रुग्णालय किंवा विलगीकरण केंद्रातून नमुना घेतला तर ५०० आणि घरी बोलावून घेतला तर ७००. याहून एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नव्हते. शासकीय दरपत्रकात ‘तातडी’ असा प्रकार नव्हता, हे तेथे ठामपणे सांगायला हवे होते आणि तरीही पैसे मागितले असते तर तडक कोल्हापूर शहरात परत जायला हवे होते. आमच्या सोबत्यांचा तातडीचा अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, म्हणजे साध्या अहवालाला लागतो तेवढाच वेळ त्यालाही लागला.

ज्यांना कर्नाटकातूनच जायचे होते, बेळगाव किंवा चोर्ला घाट करायचाच होता, त्यांना हिशेब असा करावा लागे. ७२ तास नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजले जातील असे धरून चालावे लागे. अहवाल हातात आल्यापासून मोजत बसणारा ऐनवेळी फसे. पुण्यात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नमुना दिला, तर पहिल्या दिवशी तुम्ही रस्त्यावर असतानाच अहवाल भ्रमणध्वनीवर येई आणि कऱ्हाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी नाका गाठला तरी एका दिवसाची सवड उरे. साताऱ्याला एक जादा मुक्काम केला की ती सवड जवळजवळ संपे. अहवालावरील नाव आधारकार्डावरील नावाशी तंतोतंत जुळते की नाही, हे नमुना देतानाच पाहावे लागे. भ्रमणध्वनीची बॅटरी दिवसभर मार्ग दाखवून संपलेली असते, म्हणून कागदी प्रत जवळ ठेवणे उत्तम.

मी स्वतः चाचणीच्या भानगडीत न पडता महाराष्ट्राच्या हद्दीतून जाणारी वाट धरली : कागल, मुरगूड, मुदाळ तिट्टा, गारगोटी, उत्तूर, आजरा आणि मग आंबोली. कागदावर ही वाट अतिशय योग्य आहे, कारण तिच्यात राज्याची सीमा येतच नाही. परंतु डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. संध्याकाळनंतर या रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अखंड चालू असतात, त्यांतील कित्येकांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते आणि कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांमुळे चालकाला तुमची घंटा ऐकू येण्याची शक्यता शून्य असते. रस्त्यावर सांडलेला ऊस चिरडून झालेला चिकट थर चाकाखाली आला की साबणावरून घसरावे तशी सायकल घसरते. कागल ते मुदाळ तिट्टा हा टप्पा मी अंधारात पार केला आणि माझ्या सायकलच्या आयुष्यातील तो सर्वांत वाईट टप्पा होता, असे मी विचारपूर्वक लिहिते. सूर्यास्तानंतर या वाटेवर पाऊल ठेवू नका. कागललाच किंवा कोल्हापूरला मुक्काम करा आणि पहाटे निघा. वेळ हाताशी असेल तर कोल्हापुरातूनच राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटमार्गे कणकवलीला उतरणे शंभर पटींनी शहाणपणाचे आहे, आणि यापुढे मी तोच मार्ग घेणार आहे.

आता महाराष्ट्रातील तेव्हाच्या नियमांविषयी. २७ नोव्हेंबरच्या आदेशानुसार उपाहारगृहे, दुकाने, मॉल, चित्रपटगृहे आणि सार्वजनिक वाहतूक यांत केवळ संपूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश होता, आणि तेथे काम करणाऱ्यांचेही लसीकरण पूर्ण असणे आवश्यक होते. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये, ज्या आस्थापनेत ती व्यक्ती सापडेल तिला १०,००० रुपये आणि आस्थापनेनेच नियम धुडकावला तर ५०,००० रुपये दंड होता. प्रत्यक्षात महामार्गावरील ढाब्यांवर दारात फलक असे आणि आत कोणीही काहीही विचारत नसे. आम्हाला एकाही ठिकाणी थाळी येण्यापूर्वी प्रमाणपत्र दाखवावे लागले नाही. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र चित्र वेगळे होते. एका लॉजच्या मालकाने आमच्यातील एकाला खोली नाकारली, कारण त्याच्या कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाला जेमतेम दहा दिवस झाले होते. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागत असे, त्यामुळे ज्यांनी सप्टेंबरच्या उत्तरार्धात पहिला डोस घेतला होता त्यांचे १४ दिवस नाताळपूर्वी पूर्ण होणेच अवघड होते. अशा सोबत्याला घेऊन निघणे चूक होते. रात्री नऊ वाजता, पाय लटपटत असताना, खोलीसाठी गावभर हिंडणे कोणाच्याही मैत्रीला मानवत नाही.

युनिव्हर्सल पास, म्हणजे पूर्ण लसीकरणाचा महाराष्ट्र सरकारचा पास, निघण्यापूर्वी काढून ठेवणे तेव्हा गरजेचे होते. त्यासाठीचा ओटीपी कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या क्रमांकावरच येई, आणि घरातील चौघांची नोंदणी एकाच क्रमांकावर असेल तर तो भ्रमणध्वनी घरी आणि तुम्ही आंबोलीत, अशी अवस्था होई. दुसरे असे, की २७ नोव्हेंबरच्या त्या आदेशानुसार रुमाल हा मास्क मानला जात नसे. सायकलस्वारांच्या गळ्यातील बफलाही (तोंडावर ओढता येणाऱ्या कापडी गळपट्टीलाही) हाच न्याय लावत, म्हणून वस्तीत शिरताना खिशातला खरा मास्क लावावा लागे.

आंबोलीचा उतार, सावंतवाडी आणि बांदा यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीला प्रमाणपत्र आणि आधारकार्ड पाहून आम्हाला लगेच पुढे सोडले. गोव्यात मी झोपले आणि मासे खाल्ले.

परतीचा विचार मात्र निघण्यापूर्वीच करा. तेव्हा एसटीचा संप चालू असल्यामुळे टपावर सायकल टाकून परतण्याची नेहमीची सोय नव्हती, आणि ही टंचाई खासगी बसचालकांना पुरेपूर ठाऊक होती. आमच्याकडून प्रत्येक सायकलमागे जवळजवळ माणसाच्या तिकिटाएवढे पैसे मागितले गेले. पुष्कळ घासाघीस केल्यावर ते निम्म्यावर आले. बसच्या दारात प्रमाणपत्र मात्र डोळ्यांत तेल घालून तपासले जाई, कारण नियमभंग आढळल्यास बसच्या मालकालाच १०,००० रुपये भरावे लागत. सायकलचे भाडे तिकीट काढतानाच ठरवून घ्या आणि ते तिकिटावर लिहून मागा. सामानकक्ष उघडल्यानंतर ठरवायला गेलात तर चालक सांगेल तीच रक्कम.