चितेपूर्वी उतरवलेला तिरंगा

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात ग्रामसेवक असताना, गावच्या जवानाचे पार्थिव येणार असल्याचा निरोप मिळाला आणि अंत्यसंस्काराच्या तयारीचा भार ग्रामपंचायतीवर आला. पोरांनी वेशीपासून मोक्षधामापर्यंत तिरंग्याच्या पताका बांधल्या होत्या. राष्ट्रध्वजाचा तोरणासारखा वापर ध्वजसंहितेला मान्य नसल्याने त्या मी उतरवून घेतल्या. ग्रामपंचायतीवरील ध्वज अर्ध्यावर आणावा, असाही आग्रह झाला. परंतु तसा शासनाचा आदेश नसल्यामुळे नकार द्यावा लागला, आणि काही जण नाराज झाले.

खरी कसोटी पुढे होती. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून पांघरलेल्या ध्वजासह पार्थिव चितेजवळ आले, मानवंदना झाली आणि जवान ध्वज काढू लागले, तेव्हा वडिलांनी त्याची कड घट्ट धरली. "साहेब, लेकरू याच्याचसाठी गेलं, मंग थो त्याच्या संगंच जाऊ द्या ना," एवढेच ते म्हणाले. तुकडीचा अधिकारी हिंदी भाषक होता. त्याने माझ्याकडे पाहिले. 2002 च्या ध्वजसंहितेनुसार ध्वज चितेवर जाळता येत नाही, दफनात खड्ड्यातही सोडता येत नाही. पण त्या क्षणी बापाला कलम ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले. मी त्यांच्याशेजारी बसून म्हणालो, "काकाजी, झेंड्याले आग लावत नाहीत. थो आता तुमच्या हाती येनार हाये." बऱ्याच वेळाने त्यांची बोटे सैल झाली. जवानांनी केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडला, अशोकचक्र वर राहील अशी घडी घातली आणि ती दोन्ही तळहातांवर धरून त्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतरच धाकट्या भावाने अग्नी दिला.

तेरवीनंतर ते कार्यालयात आले. मुलाच्या आठवणीत घरावर ध्वज लावता येईल का, असे त्यांनी विचारले. मिळालेली घडी तशीच जपून ठेवावी आणि घरासाठी वेगळा ध्वज घ्यावा, असे मी सुचवले. नागरिकाला कोणत्याही दिवशी ध्वज लावता येतो, जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर तो रात्रीही ठेवता येतो. मात्र फाटला किंवा विटला तर तो तसाच फडकत ठेवू नये, एकांतात, मानाने, संपूर्ण जाळून टाकावा, हे त्यांना नीट समजावून सांगितले. त्यांनी खादीचा ध्वज घेतला आणि काठी रोवण्यासाठी कोतवालाला सोबत मागितले.