काळी माती, कर्ब आणि बांधावरचा नमुना

आपल्या खानदेशात जमिनीची पारख रंगावरून करण्याची रीत जुनी आहे. काळी तेवढी कसदार, असे आपण धरून चालतो. मात्र बेसाल्टपासून बनलेल्या या मातीला काळेपणा यायला चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहिलेला थोडासा ह्यूमसही (कुजून मुरलेला सेंद्रिय पदार्थ) पुरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन) कित्येकदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो.

सातपुड्यातले जंगल, पायथ्याचे गायरान, कोरडवाहू कपाशी आणि तापीकाठची केळी यांच्या मातीची सरळ तुलना करणे मला पटत नाही. उतारावरची माती मुळातच उथळ व मुरमाड असते, नदीकाठी ती खोल गाळाची असते. हा फरक भूरचनेचा आहे, जमिनीच्या वापराचा नाही. वापरामुळे बदलतात ते कर्ब, मातीच्या कणांची घडण, घट्टपणा आणि क्षार.

त्यांपैकी कर्ब आधी पाहू. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात (तो केवळ उष्ण प्रदेशांचा नव्हता) नैसर्गिक जंगल मोडून शेती केल्यावर मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी, तर कुरण मोडल्यावर ५९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कुरणाचा आकडा मोठा असल्याचे अनेकांना नवल वाटते. पण गवत आपला बराचसा कर्ब मुळांवाटे जमिनीतच ठेवते. गायरानाला पडीक समजून त्यावर नांगर घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तापमान दहा अंशांनी वाढले की सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग, ओल असेल तर, साधारण दुप्पट होतो. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात नांगरलेल्या, ओलिताच्या रानातला कर्ब टिकणे अवघडच.

कपाशीत पऱ्हाटी (वाळलेली झाडे) उपटून जाळली जाते आणि रान पावसाळ्यापर्यंत उघडे पडते. रोटाव्हेटर वरची माती भुसभुशीत करतो, पण त्याच खोलीवर वर्षानुवर्षे फिरला तर खाली घट्ट थर बसवतो. केळीचा हिशेब निराळा आहे: बागेबाहेर जातो तो घड आणि त्याबरोबर पुष्कळ पालाश (पोटॅश), खोड व पाने मात्र शेतातच कुजवली, तर बराच कर्ब परत मिळतो. मृगबाग (जूनच्या सुमाराची लागवड) असो वा कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची), धोका पाण्याचा आहे. सोडियम जास्त असलेले बोअरचे पाणी सतत दिल्यास काळी जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होत जाते, आणि ठिबकखाली क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला साचतात.

म्हणूनच माती परीक्षणाला शेताच्या नमुन्याबरोबर त्याच शेताच्या न नांगरलेल्या बांधाचा नमुनाही वेगळ्या पिशवीत द्यावा, असे मी सुचवीन. खोली दोन्हीकडे सारखीच, पंधरा ते वीस सेंटिमीटर ठेवावी. झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची जागा टाळावी. दोन्ही अहवालांतल्या कर्बाच्या आकड्यांत जो फरक दिसेल, तो बहुतांशी आपल्या मशागतीचा असेल.