दीड टनाचा हिशोब

वरोऱ्याहून एसीचा मेकॅनिक आला की आधी पाणी मागतो, मग विचारतो, "किती वर्षं झाले याले?" पंधरा म्हटलं की ग्लास खाली ठेवून हसतो. त्या हसण्याचा अर्थ आता मला पाठ आहे: नवाच घ्या.

आमचा एसी 2011 चा. दीड टन, तीन स्टार. घराचा पुढचा भाग मातीच्या भिंतींचा, वर कवेलू. मागं त्याच्या आदल्या वर्षी बांधलेली स्लॅबची खोली. पाहुण्यांना दाखवायला तेव्हा तीच होती. पहिल्याच मे महिन्यात कळलं की स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्या अंगावर सोडतो. म्हणजे एसी घेतला तो उन्हासाठी नाही, स्लॅबसाठी. सासूबाईंनी तेव्हाच निकाल दिला होता, "पैसे देऊन तवा बांधला, अन् आता पैसे देऊन थंडा करून रायले." त्या अजून मातीच्याच खोलीत झोपतात.

दीड टन म्हणजे काय, हे त्यांनीच विचारलं होतं. बाहेरचं यंत्र चढवताना दोन पोरं घामाघूम झाली, पण ते काही दीड टनाचं दिसेना. हा टन बर्फाचा. जुन्या बर्फ कारखान्यांच्या दिवसांतलं माप, तेही अमेरिकन, सुमारे 907 किलोचं. म्हणजे दीड टनी एसी चोवीस तासांत खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढतो, तेवढ्यानं साडेतेरा क्विंटल बर्फ वितळेल. कापसाच्या घरात क्विंटल म्हटलं की समजतं. अट एकच: हे माप बाहेर 35 अंश धरून काढतात. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर असतो आणि यंत्राला आतली उष्णता त्याच हवेत फेकायची असते. तेव्हा नवतप्यात आमचा दीड टन दीड टन उरत नाही. नव्या एसीचाही उरणार नाही, हे दुकानदार सांगत नाही.

एसीचं खरं दुखणं गॅसचं. तीन उन्हाळे ओळीनं एकच संवाद झाला. "गॅस संपला." भरला. अडीच हजार. पुढच्या एप्रिलला पुन्हा, "गॅस संपला." मीही देत गेले. गाडीत पेट्रोल भरतो तसं असेल, असं वाटायचं. मग एका रात्री, कूलरच्या घरघरीत झोप लागेना तेव्हा, मनात आलं की आमच्या फ्रिजमध्ये अठरा वर्षांत कुणी गॅस भरला नाही. तोही याच तत्त्वावर चालतो. गॅस बंद नळीत गोल फिरतो, आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो, पुन्हा आत. तो जळत नाही, झिजत नाही. संपला म्हणजे कुठून तरी गेला. तीन वर्षं आम्ही फुटक्या रांजणात पाणी ओतत होतो आणि ओतणाऱ्याला मजुरी देत होतो.

यंदा म्हणून मी मेकॅनिक बदलला. हा नवा पोरगा, विशी-बाविशीचा. आल्यावर यानंही वय विचारलं, हसलाही. पण मग शिडी लावून स्लॅबवर चढला आणि दाब मोजायचं गेज न जोडता नुसता बघत बसला. "काकू, वर या." मी चढले. जाड तांब्याची नळी बाहेरच्या यंत्राला जिथं जोडली आहे, त्या नटाखाली काळपट तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटून लोण्यासारखी जाड झालेली. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबत थोडं थोडं फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथं तेलही पाझरतं. त्यानं वाटीत साबणाचा फेस केला, ब्रशनं नटाभोवती लावला. पाच-सहा सेकंद काही नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा. अडीच-अडीच हजारांचे तीन हप्ते तिथून गेले होते.

"हे होऊन जाईन," तो म्हणाला. "आतली कॉइल गळत असती तर म्या हात नसता लावला." आतल्या कॉइलच्या तांब्याला मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडतात, एक बुजवलं की दुसरं निघतं, आणि इतक्या जुन्या मॉडेलची कॉइल मिळत नाही. दुसरी अडचण गॅसचीच. आमच्यात आर-22 आहे. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या गटातला, 1987 च्या माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्यानं बंद होणारा. आपल्याकडं 2025 च्या जानेवारीपासून त्यावर चालणारे नवे एसी बनवायला बंदी आहे. दुरुस्तीपुरता अजून मिळतो. नवे एसी बहुतेक आर-32 वर. तो जुन्यात भरता येत नाही, त्याचा दाब बराच जास्त.

तरी ह्यांनी दुकानातून नव्या एसीचा भाव आणलाच: इन्व्हर्टर, तीन स्टार, 38,000. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यापासून उतरलेला भाव, हे दोनदा सांगून झालं. "लाइट बिल वाचते ना!" हा त्यांचा हुकमाचा एक्का. मी पोरीची जुनी वही घेतली. जुना तासाला पावणेदोन युनिट खातो, नवा सरासरी एक. वाचलं पाऊण. स्टारच्या लेबलावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते 1600 तास धरून. आम्ही किती तास लावतो? एप्रिल-मेमध्ये तर कूलर असतो.

कूलरबद्दल लोक उगाच कमीपणानं बोलतात. 45 अंशांची कोरडी हवा ओल्या गवतातून आली की दहा-पंधरा अंशांनी उतरते, खर्च एका पंख्याचा आणि एका पंपाचा. पंप जळला तर गावातल्या दुकानात मिळतो, गवत दर फागुनात ह्यांचेच हात बदलतात. कूलरमध्ये न समजण्यासारखं काही नाही. मृगाचा पाऊस पडला की मात्र तो निकामी, हवा आधीच ओली, चादर अंगाला चिकटते. एसी खरा लागतो तेव्हा, जून-जुलैच्या उमसीत, आणि मे महिन्याच्या पंधरा-वीस रात्री, स्लॅबच्या नावानं. सत्तर रात्री, सहा तास. 420 तास.

पाऊण युनिट गुणिले 420, म्हणजे 315 युनिट. दहा रुपये धरले तर वर्षाला 3,150 वाचतील. 38,000 फिटायला बारा वर्षं. ह्यांनी वही फिरवून फिरवून पाहिली, गुणाकार तपासला आणि चहा मागितला.

पोरानं नळीचं टोक कापून नवं तोंड बसवलं, पंप लावून आतली हवा अर्धा तास ओढली आणि गॅसची टाकी काट्यावर ठेवून तोलून भरला. आधीचे मेकॅनिक नळी हातानं चाचपून भरत. बाहेरच्या यंत्राची जाळी बघून तो थबकला, "हे काय, गादी भरली का?" कापूस होता. भाव येईपर्यंत आम्ही कापूस त्याच खोलीच्या ओसरीत ठेवतो. त्याचं तूस उडून पत्र्यांच्या फटीत बसलं होतं. यंत्राला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. धुवायला ह्यांनी फवारणीचा पंप काढला. मी तो हातातून घेतला आणि बादली दिली.

सगळे मिळून 3,800 झाले. नव्या एसीच्या पैशांतून हजारेक रुपये उचलून मी चुन्याची पोती आणवली आणि स्लॅबवर दोन हात चढवले. दुपारी वर बघवत नाही इतकं पांढरं. आतून हात लावला तर छत अजून गरमच, पण हात ठेवता येतो. सासूबाई दारापर्यंत येऊन गेल्या. आत नाही आल्या. "चुना पयलेच लावला असता," एवढंच म्हणाल्या.

जाताना पोरानं खिशातून काळा मार्कर काढला आणि यंत्राच्या बाजूच्या पत्र्यावर तारीख, गॅसचं वजन आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. "पुढच्या वर्षी गॅस संपला म्हणून कोणी म्हणलं, तर आधी हे दाखवजा."